टेबल घरात आलं, तेव्हा सगळ्यांना दीन आठवला

गेल्या रमजान ईदनंतर आम्ही घरात जेवणाचं टेबल घेतलं. एवढ्या वाक्यावर कुणी आक्षेप घ्यायचं कारण नाही. आमच्या मोहल्ल्यात निम्म्या घरांत डायनिंग टेबल आहे. बहुतेक ते सुनेच्या जहेजातून आलेलं असतं आणि त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असतो. पण आमच्या टेबलावरच्या तीन फळ्या उचलून भिंतीला लावल्या की खाली हिरवं कापड निघतं आणि सहा खिसे निघतात. म्हणजे ते पूल टेबल आहे. दुपारी त्यावर दालचा-खाना, आणि इशाच्या नमाजनंतर त्यावरच सोळा चेंडू.

ही बातमी बाहेर गेल्यावर पंधरा दिवसांत आमच्याकडे जेवढे पाहुणे आले, तेवढे माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून आले नव्हते. सगळ्यांना मी चहा दिला. उत्तर कुणालाच दिलं नाही, कारण घरातल्या मोठ्यांसमोर उलटून बोलायची सवय नाही. ते उत्तर आज इथे लिहिते आहे.

आधी हे टेबल का घेतलं ते सांगते. माझ्या सासूबाईंचे, अम्मांचे, दोन्ही गुडघे गेलेले आहेत. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला सक्त मनाई केली. तरी दस्तरखान अंथरला की अम्मा भिंतीला धरून खाली बसायच्या आणि उठताना दोघांनी उचलायला लागायचं. टेबलावर जेवणं सुन्नत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. प्रेषित मुहम्मद (स.) उंच मेजावर जेवले नाहीत, जमिनीवरच्या सुफऱ्यावर जेवले, अशी हदीस आहे. पण टेबलावर जेवणं हराम आहे असं कुठल्या आलिमने अम्मांना सांगितलेलं नव्हतं. शेवटी गुडघ्यांनी निर्णय घेतला.

दुसरं कारण माझा मुलगा. तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मगरिबनंतर घराबाहेर पडायचा तो दहाला परतायचा. कुठे जातो विचारलं की "दोस्तांसोबत" एवढंच उत्तर. एकदा त्याच्या जीन्सच्या खिशात निळ्या खडूचा चौकोनी तुकडा सापडला. मी शिक्षिका, मला वाटलं फळ्याचा खडू. तो काठीच्या टोकाला लावायचा खडू होता. मग सगळं बाहेर आलं. स्टेशनच्या बाजूला एका गाळ्यात चार टेबलं आहेत, तासावर भाडं आहे, आणि तिथला रिवाज असा की हरेल त्याने टेबलाचे पैसे भरायचे. मुलगा सुरुवातीला खूप हरला. त्याने मित्रांकडून उसने घेतले. मग ते फेडायला पुन्हा खेळला.

घरात मोठं भांडण झालं. माझ्या नवऱ्याचं विजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे. माणूस शांत आहे. भांडण संपल्यावर तो मुलाला एवढंच म्हणाला, "तुला खेळ आवडतो का पैसे लावायला आवडतं, ते आधी ठरव." मुलगा म्हणाला, "खेळ." मग टेबल बघायला आम्ही पुण्याला गेलो.

आता ज्यांना खरोखर असं टेबल घ्यायचं असेल त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगते, कारण दुकानदार त्या सांगत नाही. सात फुटी टेबल म्हणतात त्याची खेळायची जागा ७८ इंच लांब आणि ३९ इंच रुंद असते. काठी साधारण ५७ इंचांची. म्हणजे चारी बाजूंनी मोकळेपणी खेळायचं तर खोली १६ फूट बाय १३ फूट हवी. आमचा हॉल १५ बाय १२. त्यामुळे आम्ही ४८ इंचांच्या आखूड काठ्या घेतल्या, आणि सोफा काढून टाकला. उंचीचा प्रश्न येत नाही. पूल टेबल आणि जेवणाचं टेबल दोन्ही तीस इंचांच्या आसपासच असतात. प्रश्न येतो मांड्यांचा. पूल टेबलाची चौकट जाड असते, खिशांच्या जाळ्या खाली लोंबतात, आणि खुर्चीत बसणाऱ्याचे गुडघे नेमके तिथे आपटतात. अम्मांसाठी टेबल घ्यायचं आणि अम्मांचेच गुडघे फोडायचे, असं व्हायला नको. म्हणून बारीक चौकटीचं घ्यावं आणि दुकानातच खुर्ची ओढून बसून बघावं. पाटाच्या दगडाचं टेबल सगळ्यांत सपाट, पण ते एकदा ठेवलं की ठेवलं. आमचं लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळीचं आहे. त्याला ओल चालत नाही. आणि वरच्या तीन फळ्यांच्या फटीतून पहिल्याच रविवारी मटणाचा रस्सा खाली गेला. हिरव्या कापडावरचा तो हळदीचा डाग अजून आहे. तेव्हापासून फळ्यांवर आम्ही अम्मांचा जुना रेक्झिनचा दस्तरखान अंथरतो. म्हणजे दस्तरखान घरातून गेला नाही. जमिनीवरून तीस इंच वर आला, इतकंच.

सगळं मिळून ब्याण्णव हजार लागले. वेतन आयोगाच्या फरकाचे पैसे होते. रक्कम मोठी आहे, मला मान्य आहे. प्रत्येकाने असं टेबल घ्यावं असं मी अजिबात म्हणत नाही. माझा मुद्दा टेबलाचा नाही. ते घरात आल्यावर लोक काय बोलले आणि त्याआधी काय बोलले नव्हते, त्याचा आहे.

पहिले आले माझे मोठे दीर. त्यांना आम्ही सगळे भाईजान म्हणतो. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "दुल्हन, ये खानेका है के खेलनेका?" मी म्हटलं, "दोनोंका, भाईजान." ते चहा न पिता गेले. त्यांच्यानंतर आले त्यांच्या बोलण्यात तीन आक्षेप होते. एक, हा जुगाराचा खेळ आहे. दोन, ही परक्यांची फॅशन आहे. तिसरा आक्षेप कुणी सरळ बोललं नाही. माझ्या मुलीकडे बघून, आवाज खाली आणून, एवढंच म्हणायचे, "घरमें बच्ची है."

एकेक घेऊ.

जुगाराबद्दल बोलायचं तर कुरआन शरीफमध्ये मनाई स्पष्ट आहे आणि त्याबद्दल माझा कुणाशी वाद नाही. ती मनाई पाचव्या सूरेत आहे, ९० आणि ९१ या आयतींत, दारूच्या मनाईसोबत. जुगाराने आपसांत वैर वाढतं आणि अल्लाहच्या आठवणीपासून आणि नमाजपासून माणूस दूर जातो, असं कारणही तिथेच दिलेलं आहे. आता त्या सूरेचं नाव काय? अल-माइदा. माइदा म्हणजे जेवण मांडलेलं ताट, मांडलेला दस्तरखान. हजरत ईसा (अ.) यांच्या साथीदारांनी आकाशातून अन्न मांडलेला दस्तरखान उतरावा अशी मागणी केली, तो प्रसंग याच सूरेत आहे. जेवणाच्या नावाची सूरा आणि तिच्यातच जुगाराची मनाई. आमच्या घरातल्या टेबलाला यापेक्षा नेमकी सूरा मला सापडली नसती. वर अन्न आहे, खाली खेळ आहे, आणि जुगार दोन्हीकडे नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून एक शब्द सांगते. उर्दूत 'शर्त' म्हणजे अट, आणि शर्त म्हणजे पैजसुद्धा. मराठीत तोच शब्द 'शर्यत' होऊन बसला आणि त्याचा अर्थ झाला धावण्याची चढाओढ. पैज लावणं वेगळं आणि चढाओढ करणं वेगळं, हे भाषेलाही कळतं. आम्हाला का कळू नये? शर्त काढून टाकली की उरतो तो खेळ. काठीने चेंडू ढकलून खिशात घालणं एवढंच ते आहे. आमच्या घराघरांत कॅरम आहे. त्याला चार खिसे असतात, स्ट्रायकर असतो, कडेला आपटून सोंगटी परत येते. रमजानमध्ये तरावीहनंतर गल्लीच्या तोंडाशी दिवा लावून कॅरम चालतो आणि त्यात सहरीपर्यंत चहाच्या पैजा लागतात. त्यावर मी आजवर एकही खुतबा ऐकलेला नाही.

मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून आमच्या मशिदीच्या पेशइमामसाहेबांना मीच फोन केला. त्यांनी तीन अटी सांगितल्या. पैज नको, नमाज चुकायला नको, खेळताना शिवीगाळ आणि बेशरमी नको. मुलीने पलीकडून ओरडून विचारलं, "मौलानासाब, हरेल त्याने भांडी घासायची असं ठरवलं तर तो जुगार होतो का?" ते हसले. म्हणाले, "बेटा, भांडी तर दोघांनीही घासायची असतात. हारजीत त्याला कशाला बांधता?" तेव्हापासून जिंकणारा घासतो आणि हरणारा विसळतो. अजान झाली की काठी खाली. आलिमांमध्ये खेळांबद्दल मतभेद आहेत, हेही मला माहीत आहे. बुद्धिबळाबद्दल हनफी मत कडक आहे, तर आमच्या कोकणातले भाऊबंद ज्या शाफई मजहबचे आहेत त्यात ते मत सौम्य आहे. फाशांच्या खेळाला बहुतेकांनी मना केलं आहे. हा मतभेद प्रामाणिक आहे आणि ज्यांना सावध राहायचं आहे त्यांचा मी आदर करते. पण आमच्याकडे आलेल्या आठ पाहुण्यांपैकी एकानेही मजहबचं नाव काढलं नाही. इमामसाहेबांना विचारलं का, हेही विचारलं नाही. आमच्यात हल्ली इमामापेक्षा कमिटीवाले कडक असतात.

आणि आता मूळ हिशोब. स्टेशनजवळच्या त्या गाळ्यात हरेल त्याने भाडं भरायचं, ही पैज नव्हे तर काय? तिथे आमच्या मोहल्ल्यातली वीसेक मुलं रोज संध्याकाळी असायची. मगरिब तिथेच जायची, इशाही तिथेच जायची. भाईजान रोज त्याच रस्त्याने दुकान बंद करून घरी येतात. बाहेर लावलेल्या गाड्या त्यांना ओळखू येत होत्या. त्यांनी एकाही बापाला हटकलं नाही. पैजेचा खेळ बाहेर चालला तर "लडके हैं, चलता है". बिनपैजेचा खेळ घरात आला, आईबापांच्या डोळ्यांसमोर आला, तेव्हा दीन आठवला. हा दीनाचा नियम नाही. लोकलाजेचा आहे.

दुसरा आक्षेप, परक्यांची फॅशन. या आक्षेपावर मला राग येत नाही, हसू येतं. पूलचा थोरला भाऊ स्नूकर. तो १८७५ साली जबलपूरमध्ये जन्मला. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तो तिथल्या मेसमध्ये सुरू केला. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा. स्नूकरचे नियम १८८२ साली उटीच्या क्लबात लिहून काढले गेले. म्हणजे खेळ साहेबांचा होता, पण भूमी आपली होती. १९५८ साली कलकत्त्यात विल्सन जोन्स बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. त्यांचा जन्म पुण्याचा. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो किताब पुन्हा मिळवला. आणि ज्यांना नावात आपलेपणा शोधायचा असेल त्यांच्यासाठी सांगते, १९८९ साली आणि पुन्हा २००१ साली स्नूकरचा आशियाई विजेता ठरलेला खेळाडू मुंबईचा होता, त्याचं नाव यासीन मर्चंट. आमच्या शाळेतल्या एकाही मुलाला हे नाव माहीत नव्हतं. मलाही टेबल घेईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या मुलांना आम्ही क्रिकेटपटूंची नावं पाठ करू देतो, बाकी खेळ 'वाईट संगत' म्हणून एका पोत्यात भरतो.

मेज परकं, असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक शब्द. मराठीत मेजवानी म्हणतात. हा शब्द फारसीतल्या 'मेजबान'वरून आला, आणि मेजबान म्हणजे पाहुण्याला जेवू घालणारा यजमान. त्यात 'मेज' आहे. ज्या भाषेतून आमची उर्दू सजली, त्याच भाषेने मराठीला मेजवानी दिली. आणि मेजवान्या आम्ही काही कमी घालत नाही. लग्नात मुलीसोबत सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल पाठवायचं, त्यासाठी बापाने सोसायटीचं कर्ज काढायचं, याला फॅशन कुणी म्हणत नाही. माझ्या टेबलाची किंमत प्रत्येकाने विचारली. जहेजातल्या टेबलाची किंमत आमच्यात कुणी विचारत नाही, कारण ती मुलीच्या बापाने भरलेली असते.

आता तिसरा आक्षेप, जो कुणी पूर्ण वाक्यात बोलला नाही. "घरमें बच्ची है."

हो, आहे. अकरावीला आहे. मुलापेक्षा चांगली खेळते. तिला कोन कळतो. चेंडू कडेला ज्या कोनात जातो त्याच कोनात परत येतो, हे तिने भौतिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं, आता तिला ते काठीच्या टोकावर दिसतं. पण तिचा भाऊ दोन वर्षं बाहेर खेळत होता तेव्हा तिला तो गाळा बाहेरूनसुद्धा बघायची मुभा नव्हती. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलीला खेळायला कुठली जागा आहे, हे जरा मोजून बघा. मैदान मुलांचं. चौक मुलांचा. गच्ची कपडे वाळत घालायला. शाळेत खेळाचा तास असतो, पण आठवीनंतर मुली तो तास पायऱ्यांवर बसून काढतात. हे मी वीस वर्षं डोळ्यांनी बघते आहे. मग त्यांच्या हातात उरतो मोबाईल. त्यात कुणाशी काय बोलतात ते आईबापांना कळत नाही, पण ती घरात आहे एवढ्यावर सगळे खूश असतात.

मुलीने वाकून काठी मारणं शोभत नाही, असं एका खालाजानने मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. घरात तिचा बाप आहे, भाऊ आहे, दादी आहे. अंगावर सलवार-कमीज आहे, ओढणी आहे. तीच मुलगी सकाळी वाकून फरशी पुसते, तेव्हा शोभतं. मला हा फरक कुणी समजावून सांगावा.

ज्यांना दीनाचा दाखला हवा त्यांनी सीरतमधला घ्यावा. प्रेषित (स.) हजरत आयेशा (रजि.) यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावत. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा ते जिंकले. मस्जिदे नबवीत हबशी लोक भाल्यांचा खेळ करत होते, तेव्हा त्या उभ्या राहून तो बघत होत्या आणि त्यांचं मन भरेपर्यंत प्रेषितांनी त्यांना बघू दिलं. या हदीसी आमच्या मदरशांत शिकवल्या जातात. मग घरी आल्यावर त्यांचं काय होतं? इतिहास एवढा लांब वाटत असेल तर अलीकडचं घ्या. २०१७ साली सिंगापूरला महिलांच्या जागतिक स्नूकर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताची विद्या पिल्लई होती. सामना शेवटच्या फ्रेमपर्यंत गेला आणि ती ५-६ असा हरली. माझी लेक तिथे पोचेल असं मी म्हणत नाही. पण एखादी पोचण्याआधी कुणीतरी तिच्या हातात काठी द्यावी लागते.

हे सगळं वाचून आमच्यातल्या नसलेल्या वाचकांनी मान डोलवायला घेतली असेल, तर त्यांच्यासाठीही एक प्रसंग आहे. आमच्या शाळेच्या शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं, सगळ्या माध्यमांचे शिक्षक एकत्र होते. जेवणाच्या सुट्टीत टेबलाचा विषय निघाला. एक मराठी माध्यमाच्या बाई, स्वभावाने अतिशय चांगल्या, डोळे मोठे करून म्हणाल्या, "अय्या, तुमच्यात चालतं हे?" मी त्यांना विचारलं, "तुमच्यात चालतं का? तुमची मुलगी जाते पूल खेळायला?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "नाही हो, आमचे हे नाही सोडायचे." मग आम्ही दोघी हसलो. तो शब्द मात्र मला घरापर्यंत पुरला. 'तुमच्यात.' आमची मुलगी घरात बसली तर ते मजहबमुळे, आणि त्यांची बसली तर ते 'आमच्या ह्यां'मुळे. माझ्या समाजावर मी टीका करते ती माझा समाज म्हणून. ती उचलून कुणी 'बघा, त्यांच्यात असंच असतं' म्हणून फिरवणार असेल, तर त्याने आधी आपल्या गल्लीतल्या पूल पार्लरमध्ये मुली किती दिसतात ते मोजून यावं.

आता माझा स्वतःचा हिशोब. तो दिल्याशिवाय हे लिहायचा मला हक्क नाही.

आठ वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गातला एक मुलगा शाळेच्या वेळात, गणवेशात, अशाच एका गाळ्यातून बाहेर पडताना मला दिसला. दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्गात उभं केलं आणि सगळ्यांसमोर 'जुगारी' म्हटलं. मग वडिलांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर तोच शब्द पुन्हा वापरला. वडील मजूर माणूस. त्यांनी मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात मुलगा शाळेत आला नाही. त्याला गॅरेजमध्ये लावलं होतं. तो मराठीचा निबंध चांगला लिहायचा. उर्दू माध्यमातल्या मुलांना 'ळ' आणि 'ण' जड जातात, त्याला जात नव्हते.

तो पैसे लावत होता की नुसता बघत उभा होता, हे मी त्याला विचारलंच नाही. टेबल दिसलं, आणि माझं ठरलं. म्हणजे भाईजानांनी माझ्याशी जे केलं तेच मी त्याच्याशी केलं होतं, फक्त भाईजान चहा न पिता निघून गेले आणि माझ्या शब्दाने एका मुलाची शाळा गेली. बीएडला आम्हाला मुलांचं मानसशास्त्र हा विषय होता. मला त्यात चांगले गुण होते.

तो मुलगा आज तेवीस वर्षांचा आहे. माझी स्कूटर त्याच्याकडेच दुरुस्तीला जाते. "टीचर" म्हणतो, हवा भरायचे पैसे घेत नाही. घरी टेबल आल्यावर मी त्याला सांगितलं की रविवारी ये, खेळ. तो म्हणाला, "आता कुठं टीचर, हात काळे असतात." मी आग्रह केला नाही. माफी मागायचं धाडस त्या दिवशी झालं नाही. ते अजून व्हायचं आहे.

म्हणून मी आता टेबलाचं समर्थन करत बसणार नाही. एक मागणी करते. आमच्या जमातखान्याचा मोठा हॉल लग्नाचे दिवस सोडले तर बंद असतो. पंखे आहेत, दिवे आहेत, पाणी आहे, दोन दरवाजे आहेत. तिथे दोन कॅरम बोर्ड, एक टेबल टेनिसचं टेबल आणि चार बुद्धिबळाचे पट ठेवावेत. बुद्धिबळावर कुणाचा आक्षेप असेल तर ते वगळा. असर आणि मगरिबच्या मधली वेळ आठवड्यातून तीन दिवस मुलींना द्यावी, बाकीचे दिवस मुलांना. पैज लावणाऱ्याला पहिल्याच दिवशी बाहेर काढावं. अजानला खेळ बंद. इमामसाहेबांनी सांगितलेल्या तिन्ही अटी भिंतीवर उर्दूत आणि मराठीत लिहून लावाव्यात, अक्षर मी काढून देईन. मुलींच्या वेळेत मी स्वतः तिथे बसेन, आणखी दोन शिक्षिका तयार आहेत. पूल टेबल मागत नाही, ते घरी आहे.

तसा अर्ज मी कमिटीला दिला आहे. महिना झाला, उत्तर नाही. मधे एक सदस्य माझ्या नवऱ्याला दुकानात म्हणाले की विचार चालू आहे, पण "औरतोंका आना-जाना बढेगा". बढना चाहिये, असं माझ्या नवऱ्याने सांगितलं आणि त्यांना बल्ब दिला.

अर्जावर सध्या चौदा सह्या आहेत. त्यातल्या नऊ आयांच्या आहेत. माझं टेबल बघायला आलेल्या आठ पाहुण्यांपैकी एकाचीही नाही. त्यांनी पुन्हा यावं. मुलांच्या दीनाची काळजी आहे असं ते म्हणाले होते, तर अर्ज टेबलावरच ठेवलेला आहे, पेनही आहे. चहा तेव्हाही मिळेल.